सर, हे कसलं झाड?

आमच्या वनस्पतिशास्त्राच्या सरांच्या पंचाहत्तरीला स्मरणिका निघाली. माझ्याकडे दोन पानी परिचय मागितला होता. मी सहा पानं लिहून दिली आणि छापून आलं पाऊण पान: जन्म, शिक्षण, शोधनिबंध, मार्गदर्शन केलेले विद्यार्थी, भूषवलेली पदं. 'भूषवलेली पदं' वाचून सर म्हणाले, "महाराज, यात मी कुठंय?" सर सगळ्यांनाच महाराज म्हणतात. विद्यार्थ्याला, शिपायाला, कुलगुरूंनाही. संपादकांना दोष देत नाही, जाहिराती भरपूर आल्या होत्या. पण उरलेली पानं वाया का घालवायची? म्हणून इथे लिहितेय. सरांचं नाव घालणार नाही, त्यांना आवडत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

यादीत जे येत नाही ते आधी सांगते. सरांकडे लोक झाडं घेऊन यायचे. कोणी पिशवीतून फांदी आणायचा, कोणी रुमालात बी, कोणी तर उपटलेलं अख्खं झुडूप मातीसकट स्कूटरच्या पायाशी ठेवून. शेतकरी, वैद्य, वनखात्यातले लोक, बीएडच्या प्रोजेक्टवाल्या पोरी, एकदा तर पोलीस. प्रत्येकाचा प्रश्न एकच: सर, हे कसलं झाड? आणि कोणालाही 'उद्या या' असं उत्तर मिळायचं नाही.

एक रात्र मला नीट आठवते. मी तेव्हा पीएच.डी. करत होते आणि सरांच्या घरी काकूंनी जेवायला थांबवून घेतलं होतं. तालुक्याच्या गावच्या एका डॉक्टरांचा फोन आला. पाच-सहा मुलांनी बांधावरच्या कुंपणाच्या बिया शेंगदाणे समजून खाल्ल्या होत्या, सगळ्यांना उलट्या सुरू. आई-वडील म्हणत होते एरंडीच्या बिया आहेत. सरांनी फोनवर विचारलं, "बी गुळगुळीत आहे की खडबडीत?" डॉक्टरांना सांगता येईना. तेव्हा मोबाइलवर फोटो पाठवायची सोय नव्हती. मग एक माणूस मोटरसायकलवर बिया घेऊन निघाला. तो येईपर्यंत सर ओट्यावर येरझाऱ्या घालत होते आणि काकूंची खिचडी तशीच गार होत होती.

पुडी उघडली आणि सरांनी बघताक्षणी सांगितलं, चंद्रज्योत. म्हणजे मोगली एरंड, जट्रोफा. मला भिंग देऊन म्हणाले, "तू बघ आणि तू सांग." एरंडाची बी चकचकीत असते, अंगावर करड्या-तपकिरी नक्षीचे ठिपके, आणि टोकाला मऊ पांढरट गाठ, गोचीड चिकटावी तशी. पुडीतल्या बिया काळ्या होत्या, निस्तेज, बोटाच्या पेराएवढ्या, आणि पृष्ठभागावर बारीक बारीक भेगा. एकदा पाहिलं की आयुष्यात चूक होत नाही, पण ते एकदा कोणीतरी दाखवावं लागतं. फरक नुसता पुस्तकी नाही. एरंडात रायसिन हे विष असतं, बी चावून खाल्ली असेल तर त्याचा त्रास उशिरानेही उफाळू शकतो. चंद्रज्योतीत उलट्या-जुलाबांनी जीव हैराण होतो, पण सलाइन आणि देखरेखीवर बहुतेक मुलं सावरतात. डॉक्टरांना हेच हवं होतं: घाबरायचं किती आणि किती वेळ लक्ष ठेवायचं. मुलं दोन दिवसांत घरी गेली.

ती चंद्रज्योत बांधावर आली कुठून, हेही सरांनी त्या रात्री सांगितलं. २००३ मध्ये योजना आयोगाच्या समितीने बायोडिझेलसाठी जट्रोफाची शिफारस केली, आणि पडीक जमिनीवर, रस्त्याकडेला, कुंपणाला ती सगळीकडे लागली. गुरं खात नाहीत म्हणून कुंपणाला ती पूर्वीपासून होतीच, आता अमाप झाली. डिझेल काही आमच्या बांधापर्यंत पोचलं नाही.

आता जन्म आणि शिक्षण. स्मरणिकेत एका ओळीत उरकलंय, म्हणून इथे जरा ऐसपैस.

सर शहाद्याकडचे. वडील एका मोठ्या शेतकऱ्याकडे सालदार. खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगते, सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल संपतं आणि नवं ठरतं. आखाजीला बाकीच्या घरी पुरणपोळी आणि झोके, सालदाराच्या घरी हिशेब. सर लहानपणी मालकाच्या बैलांसाठी गवत कापायला जायचे. बैल कोणतं गवत आधी ओढतो, कोणतं तोंडात घेऊन सोडून देतो, हे त्यांना नववी-दहावीत गवताच्या कुळाचं इंग्रजी नाव कळायच्या आधीच पाठ होतं. मारवेल पहिल्यांदा संपतं. पवन्या चालतो. कुसळी फुलोऱ्याआधी कापली तर चांगला चारा, नंतर कापली तर कुसळं बैलाच्या जिभेत रुततात. आणि रोशाला बैल शक्यतो तोंड लावत नाही.

रोशा गवताला सरांच्या आयुष्यात मोठी जागा आहे. शास्त्रीय नाव सिम्बोपोगॉन मार्टिनी. पान बोटांत चुरगळलं की गुलाबाच्या जवळ जाणारा वास येतो, कारण त्याच्या तेलात मुख्यतः जिरॅनिऑल असतं. पश्चिम खानदेशातल्या डोंगरउतारांवर हे गवत मायंदाळ, आणि १८८० च्या खानदेश गॅझेटिअरमध्येही रोशा तेलाची नोंद आहे. ओढ्याकाठी भट्टी लावायची, गवत उकळून वाफ थंड करायची आणि पाण्यावर तरंगणारं तेल काढून घ्यायचं. ते तेल मुंबईमार्गे अरबस्तान-तुर्कस्तानला जायचं आणि तिकडे गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जायचं. म्हणजे आमच्या डोंगरातलं गवत परदेशात भेसळीला! सर हे वर्गात सांगताना इतके खूष व्हायचे की जणू भट्टी त्यांच्याच आजोबांची. रोशाचे दोन प्रकार आहेत, मोतिया आणि सोफिया. दिसायला जवळपास सारखे, वासाने आणि तेलाने वेगळे. मोतियाचं तेल भारी. सर डोळे मिटून, पान चुरगळून कोणतं ते सांगायचे. आम्ही त्यांची परीक्षा घ्यायला पानं अदलाबदल करून बघितली. फसले नाहीत.

कॉलेज अमळनेरला, मग पुण्याला एम.एस्सी. त्या काळी आमच्याकडचं सगळं पुणे विद्यापीठाखाली. जळगावला स्वतंत्र विद्यापीठ आलं ते १५ ऑगस्ट १९९० ला. तोवर सर एका कॉलेजात होते, नंतर विद्यापीठात शिकवायला आले. विषय पहिल्यापासून एकच धरला, सातपुड्याची गवतं. बाकीच्यांनी औषधी वनस्पती घेतल्या, त्यांना अनुदानं मिळाली. गवतावर अनुदान कोण देणार? मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर थिओडोर कुकचा ग्रंथ १९०१ ते १९०८ मध्ये निघाला. तो आजही आमचा पाया आहे, पण सातपुड्याच्या वाट्याला त्यात फार ओळी नाहीत. कोकण आणि महाबळेश्वर सगळ्यांनी धुंडाळलं. इकडे उन्हात कोण येतो?

पावसाळ्यात मात्र यायला हवं, कारण गवत फुलतं ते ऑगस्ट-सप्टेंबरात. आणि पावसाळ्यात झाडं वाळवणं म्हणजे काय शिक्षा असते ती काकूंना विचारा. नमुना वर्तमानपत्राच्या घडीत ठेवायचा, घड्यांची चळत दोन लाकडी चौकटींत घालून पट्ट्याने आवळायची आणि रोज कागद बदलायचे. एक दिवस चुकला की बुरशी. सरांच्या घरात 'देशदूत' आणि 'गावकरी'चे गठ्ठे रद्दीवाल्याला कधीच मिळाले नाहीत. ओले कागद दोरीवर, कपडे खुर्चीवर. काकू म्हणायच्या, "ह्यांच्या गवताला कोरडा कागद, आणि माझ्या पोरांना ओले लंगोट." वाळलेला नमुना मग मर्क्युरिक क्लोराइडच्या विषारी द्रावणातून काढायचा, म्हणजे कीड लागत नाही. ती बाटली मात्र काकूंनी घरात येऊ दिली नाही, कधीच. ते काम विभागातच. त्यानंतर ४२ बाय २८ सेंटिमीटरच्या जाड कागदावर दोऱ्याने टाचायचा आणि उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी: नाव, ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचा क्रमांक.

ओळख नक्की करायला गठ्ठे घेऊन पुण्याला जायचं. कोरेगाव पार्कला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम मंडळ आहे, तिथल्या नमुन्यांशी ताडून बघायला. महाराष्ट्र एक्स्प्रेसच्या साध्या डब्यात, मांडीवर गठ्ठा. बाकड्याखाली ठेवायचा नाही, कोणी पाणी सांडेल. टीसीने एकदा विचारलं काय आहे, सर म्हणाले गवत. टीसीने उघडून बघितलं, खरंच गवत निघालं. तो पुढे काही बोलला नाही.

त्या नमुन्यांतले काही आता दुसऱ्या कारणाने मोलाचे झालेत. ऐंशीच्या दशकात सर मोलगीच्या पुढे पायी जाऊन नर्मदेच्या काठापर्यंत उतरायचे. तिथल्या खडकांत, पुराच्या लोंढ्यात वाकून पुन्हा उभी राहणारी शेरणीची झुडपं होती, टॅमॅरिक्स होतं. सरदार सरोवराच्या पाण्यात आपल्या राज्यातली ३३ गावं आली, त्याबरोबर तो काठही गेला. गावांबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत, आणि तेच आधी लिहायला हवं होतं. काठावरच्या झुडपांची नोंद मात्र काही चिठ्ठ्यांवर आहे, आणि त्यातल्या काही सरांच्या तिरप्या अक्षरात आहेत.

माझी गाठ पडली ती अशी. मी रावेर तालुक्यातली, घरी केळी. बारावीला मेडिकल हुकलं म्हणून बी.एस्सी. आणि बी.एस्सी.ला बॉटनी घेतली, कारण बाकी विषयांच्या जागा भरल्या होत्या. आमच्या वर्गात निम्म्यांची हीच कथा होती. एम.एस्सी.च्या पहिल्याच तासाला सरांनी कुसळीचं एक बी माझ्या तळहातावर ठेवलं. खाली सुईसारखं अणकुचीदार टोक, वर पिळ पडलेली काळपट लांब शेपटी. पेल्यातून पाण्याचा एक थेंब टाकला आणि म्हणाले, हलू नका. क्षणभर काही नाही. मग शेपटीचा पिळ सुटायला लागला आणि ते बी माझ्या हातावर सावकाश गरगर फिरलं. वाळलं की पुन्हा पिळ पडतो, भिजलं की सुटतो. असं फिरत फिरत ते जमिनीत स्वतःला पेरतं. बैलाच्या जिभेत, मेंढीच्या कातड्यात आणि आमच्या मोज्यांतही तसंच घुसतं. मी सतरा वर्षं कुसळं मोज्यांतून काढून फेकली होती, हे कधी पाहिलं नव्हतं. मेडिकलचं दुःख त्या तासानंतर फारसं आठवलं नाही.

आमच्या दादांना मात्र बॉटनी म्हणजे केळीवरचा इलाज एवढंच माहीत. बागेत हरण्या आला तेव्हा त्यांनी सरांनाच बोलावलं. सर म्हणाले, रोगशास्त्र माझा विषय नाही, पण बांध बघतो. हरण्या म्हणजे काकडीवरचा मोझॅक विषाणू, मावा तो पसरवतो. रोगट झाडं उपटा, काकडी-भोपळा केळीत घेऊ नका, हे कृषीवाल्यांनी सांगितलंच होतं. सरांनी बांधावर बसून तण वेचलं आणि केना वेगळा काढून दाखवला. "हा निळ्या फुलाचा. विषाणू ह्याच्यातही राहतो. केळी उपटाल आणि हा ठेवाल तर काय उपयोग?" दादांनी त्यानंतर केना दिसला की शिवी दिल्याशिवाय सोडला नाही.

सफेद मुसळीची लाट आली तेव्हाही असंच. २००० च्या आसपासची गोष्ट. बेणं महागात विकायचं आणि पीक आम्हीच विकत घेऊ असा करार करायचा, असे लोक गावोगाव फिरत होते. गावातले चौघे दादांसोबत सरांकडे गेले, मूळ खरं की खोटं बघायला. सरांनी बघितलं, म्हणाले मूळ खरं आहे, क्लोरोफायटम बोरिविलियानम, बोरिवलीच्या जंगलावरून नाव पडलेलं. बाजारात शतावरीचं मूळही ह्याच्या नावाने खपतं, हे तसलं नाही. मग थांबून म्हणाले, "आता एकच विचारून या. हा माणूस मुसळी विकून मोठा झाला की बेणं विकून?" दादांनी लावली नाही. ज्यांनी लावली त्यांच्यापैकी एकाचा करारनामा मी स्वतः वाचलाय, त्यावरचा फोन दुसऱ्या वर्षी बंद होता.

सरांचं आणि माझं एका बाबतीत पटलं नाही, अजून पटत नाही. यावल-चोपड्याच्या वरच्या पाड्यांवर पावरा आणि तडवी बाया ज्या वनस्पती वापरतात त्यांवर मी काम करत होते. एका म्हाताऱ्या बाईंनी आम्हाला ओढ्यात वाकलेलं बघून दुरूनच विचारलं होतं, "काय शोधी राहिनात भाऊ?" आणि मग दिवसभर बरोबर फिरून इतकं दाखवलं की माझी वही भरली. मला सगळं छापायचं होतं: कोणती मुळी, किती, कशात उगाळून. सर म्हणाले, झाडाचं नाव लिही, वापर लिही, कृती लिहू नको. कृती तिची आहे. उद्या कोणीतरी त्यावर गोळी काढेल आणि हिला तिच्याच ओढ्यावर जायला परवानगी लागेल. मी हळदीचं उदाहरण दिलं. अमेरिकेतलं हळदीचं पेटंट १९९७ मध्ये रद्द झालं ते आपल्याकडे छापील पुरावे होते म्हणूनच ना? लिहिलं नसतं तर काय दाखवलं असतं? सर म्हणाले, हळद अख्ख्या देशाला माहीत होती, ही मुळी ह्या एका पाड्याला माहीत आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यात लाभवाटपाची तरतूद आली, तीही मी पुढे केली. त्यांनी विचारलं, "पाड्यावर कोणाला मिळाला लाभ? नाव सांग." नाव माझ्याकडे नव्हतं. प्रबंधात कृती गेल्या नाहीत. वही माझ्याकडे आहे, आणि मला अजूनही वाटतं की ती बाई आणि मी, दोघीही गेल्यावर त्या वहीचं काय, याचं उत्तर सरांकडे नाही.

सर २०१० ला निवृत्त झाले. त्याच वर्षी यूजीसीच्या नियमावलीत शोधनिबंधांना गुण देण्याची पद्धत आली. सर म्हणतात थोडक्यात सुटलो. एका डोंगराची गवतं नीट बघायला दहा पावसाळे लागतात, त्याचा एक निबंध होतो. त्याच वेळात 'अमुक तालुक्यातील औषधी वनस्पती' नावाच्या याद्या तालुके बदलून दहा निघतात. नवीन माणूस कोणता रस्ता धरेल? जागाही कोणाच्या भरतात? मी स्वतः वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर आहे. वर्गीकरण शिकवायला तास मिळतात, नमुने गोळा करायला मिळत नाहीत.

निवृत्तीनंतर सर गप्प बसलेत असं समजू नका. मोबाइलवर झाडं ओळखणारं ॲप आलं तेव्हा पहिल्यांदा त्यांनीच उतरवून घेतलं. आठवडाभर कॉलनीतली प्रत्येक कुंडी तपासली. निकाल: बागेतली फुलं पास, रानातली झाडं काठावर पास, गवतं सपशेल नापास. गवताची ओळख त्या कणसातल्या एका दाण्याच्या तुसांवरून होते, आणि तो दाणा भिंगाखाली सुईने उकलावा लागतो. फोटोत ते कुठून येणार? तरी सर ॲपला चूक कळवत बसतात, न कंटाळता. झाडांची शास्त्रीय नावं बदलण्याचंही त्यांना काही वाटत नाही. २०११ च्या मेलबर्नच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियाच्या झाडांकडे कायम झालं आणि आपली बाभूळ, आधी अकेशियाच असलेली, व्हॅकेलिया झाली, त्यावर माझ्या बरोबरीचे सगळे चिडले. सर म्हणाले, काटे तेवढेच आहेत ना? मग लिहा नवीन नाव. पण जुन्या चिठ्ठीवर खाडाखोड करायची नाही, शेजारी दुसरी लावायची, तारखेसकट.

सध्या आम्ही दोघी-तिघी मिळून त्यांच्या नमुन्यांचे फोटो काढतोय. सर खुर्ची घेऊन शेजारी बसतात आणि चिठ्ठ्यांवरची ठिकाणं वाचून दाखवतात. 'नाल्याकाठी, मोहाच्या मोठ्या झाडापासून उत्तरेस.' कोणता नाला? तेही सांगतात. बॉलपेनने लिहिलेल्या चिठ्ठ्या पुसट झाल्यात, शिसपेन्सिलीच्या जशाच्या तशा आहेत. माझ्या काळातल्या बहुतेक बॉलपेनच्या, हे ते रोज एकदा ऐकवतात.

फोन आता मला येतात. परवा एका प्राथमिक शिक्षिकेने बियांचा फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं 'अर्जंट'. काळ्या, भेगाळलेल्या. लगेच कळवलं, आणि मुलांना दवाखान्यात न्यायलाही सांगितलं. झुडपं, वेली, तण, बहुतेकांचं मी निभावते. गवत आलं की सरांकडेच पाठवते. पत्ता विचारू नका, जळगावात कोणत्याही जुन्या बॉटनीवाल्याला विचारलंत तर तो घरापर्यंत आणून सोडेल. मात्र नमुना फुलोऱ्यासकट आणा. नुसतं पान नेलंत तर चहा मिळेल, नाव नाही.